‘हू’ कमांडच्या पानाची दुरुस्ती

१

सकाळचा नळ येऊन गेला की मी चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत बसते आणि पानं दुरुस्त करते. अमरावतीत साईनगरला आमचं घर आहे. मागच्या खोलीत एक टेबल, एक संगणक आणि खिडकीत बसवलेला कूलर, एवढंच माझं ऑफिस.

काम सांगायला सोपं आहे. संगणकाला माउस न हलवता, शब्द टाइप करूनही हुकूम देता येतो. त्या शब्दाला कमांड म्हणतात. प्रत्येक कमांडचं एक माहितीपान सिस्टिममध्येच असतं: ही कमांड काय करते, कशी चालवायची, चालवल्यावर काय होईल. ही पानं इंग्रजीत असतात. मी ती मराठीत लिहिते आणि सिस्टिम बदलली की पानंही सुधारते.

ही पानं वाचणारे नाहीत, ऐकणारे आहेत. अकोल्याला दृष्टिहीन मुलामुलींचं एक लहानसं प्रशिक्षण केंद्र आहे. पडद्यावरची चित्रं आणि बटणं त्यांच्या उपयोगाची नाहीत, पण शब्द ऐकू येतात. त्यामुळे ही मंडळी सगळं काम कमांडनंच करतात. कानाला हेडफोन लावायचा, मशीनचा आवाज पान वाचून दाखवतो, त्याप्रमाणे बोटं चालवायची. त्यांचा शिक्षक कुंदन. तो अंजनगाव सुर्जीचा, जन्मापासून आंधळा, आणि भाषेच्या बाबतीत माझ्याहून खडूस.

मी सकाळी पान पाठवायची. तो दुपारी ऐकायचा आणि फोन करायचा.

“दीक्षाताई, हे ‘पुनर्लेखन होईल’ काय असते हो? ‘जुनं मिटून जाईल’ असं सरळ लिहा ना. पोट्टे हात वर करून बसतात, पुढं जातच नाई.”

“लिहिते बापा.”

आम्ही इतके काटेकोर होतो त्याला कारण होतं. चांदूर बाजारची आचल नावाची मुलगी तिथे शिकते. मी काम हाती घेण्याआधीच्या एका जुन्या पानावर विश्वास ठेवून तिनं एक कमांड चालवली आणि तिचं कित्येक आठवड्यांचं काम पुसलं गेलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “सर, पान खोटं बोललं का?” कुंदननं मला हे सांगितलं तेव्हाच मी ठरवलं, की त्यानं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकल्याशिवाय एकही पान मुलांपर्यंत जाणार नाही. उन्हाळा संपायच्या आत नागपूरची एक कंपनी मुलांची परीक्षा घ्यायला येणार होती. पास होईल त्याला नोकरी. पानांत चूक राहून चालणार नव्हतं.

२

‘हू’ ही अगदी साधी कमांड आहे. हू म्हणजे कोण. केंद्रात एक मोठं मशीन आहे आणि मुलांच्या जागा त्याला जोडलेल्या आहेत. ‘हू’ चालवलं, की या घटकेला मशीनवर कोण कोण आहे आणि कोणत्या जागेवरून, ते कळतं. पान छोटं. ते पाठवून मी दुसऱ्या कामाला लागले होते.

दुपारी कुंदनचा फोन आला.

“पान चांगलं झालं. पण ते शेवटचं वाक्य काहून टाकलं?”

“कोणतं?”

“‘जो बोलत नाही, तोही मोजला जातो.’ हे इंग्रजीत आहे का? मले तर आठवत नाई.”

मी फाइल उघडली. असं वाक्य तिथे नव्हतं. पान ‘बाहेर पडलेली व्यक्ती दाखवली जात नाही’ इथे संपत होतं.

“कुंदन, तुम्ही दुसरं काहीतरी ऐकलं असेल.”

“ताई, मी ऐकण्याचाच धंदा करतो,” तो म्हणाला. चिडून नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

मला हसू आलं, कारण उत्तर मला माहीत होतं. अशा पानांत काही ओळी पडद्यावर न दिसणाऱ्या असतात. लिहिणारा स्वतःसाठी टीप म्हणून ठेवतो. मशीनचा आवाज कधीकधी त्या ओळीही वाचून टाकतो. मी फाइल कच्च्या रूपात उघडली, एकेक अक्षर तपासलं. लपलेली ओळ नव्हती. एक जादा जागासुद्धा सुटलेली नव्हती.

मी पान पहिल्यापासून नव्यानं टाइप केलं, नवी आवृत्ती म्हणून पाठवलं आणि कुंदनला सांगितलं, “जुनं काढून टाका. हेच ठेवा.”

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन जरा लवकर आला.

“दुरुस्ती केली वाटते तुमी. आता वेगळं म्हणते ते.”

“काय म्हणतं?”

“‘जो बोलत नाही, तो कोपऱ्यातल्या जागेवर बसतो.’”

३

मी त्याला म्हटलं, स्पीकरवर लावा, मला ऐकू द्या. फोन त्यानं मशीनजवळ धरला. तो सपाट, घाई करणारा आवाज पान वाचू लागला. माझी वाक्यं ओळखीची वाटत होती. ‘बाहेर पडलेली व्यक्ती दाखवली जात नाही.’ त्यानंतर आवाज थांबला. कूलरची घरघर ऐकू येत होती. मग कुठेतरी दूर, एकदाच, कळ दाबल्याचा आवाज आला.

“ऐकलं ना?” कुंदन म्हणाला.

“काय? आवाज तर थांबला.”

“थांबला कुठं? आत्ताच तर म्हटलं त्यानं.”

माणसाच्या कानाला सवयीनं नसलेलं ऐकू येतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग विचारलं, “कुंदन, ‘हू’ चालवून पाहा बरं. काय दाखवतं?”

त्यानं चालवलं. मुलांची नावं आली. शेवटी एक ओळ जास्तीची होती. तिच्यात जागा कोपऱ्यातली होती आणि नावाच्या ठिकाणी मशीन म्हणालं, “रिकामं.”

इथे मात्र मी सुटकेचा निःश्वास सोडला. हे आमच्या धंद्यात नेहमीचं आहे. कोणी नीट बाहेर न पडता मशीन बंद केलं, की त्याची नोंद मागे राहून जाते. माणूस गेलेला, नोंद बसलेली. मी त्याला मोठं मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं. ओळ गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. जागा मात्र कोपऱ्यातली नव्हती, तिच्या शेजारची होती.

मी म्हटलं, त्या जागेची तार काढा. त्यानं काढली. पुढच्या दिवशी ओळ आणखी एक जागा पुढे सरकली होती. मी केबलवाल्याला पाठवलं, त्यानं सगळ्या तारा तपासल्या आणि ‘सब ओके है’ म्हणून गेला. ओळ सरकतच राहिली; ती ज्या रिकाम्या जागेवर यायची, तिची तार कुंदन काढत गेला.

मी विचार करत होते तो तांत्रिकच होता. जोडणीत दोष असेल, उंदरानं तार कुरतडली असेल, कोणी पोरगा गंमत करत असेल. पण काम करताना मी मागच्या खोलीचं दार उघडं ठेवायला लागले होते, आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मला माझाच राग आला. मी घाबरून पान अर्धवट सोडणार नव्हते. चूक पानात आहे की मशीनमध्ये, हे तिथे बसूनच कळणार होतं.

“कुंदन, मी उद्या येते,” मी फोन करून सांगितलं.

“या. जेवूनच जा,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “ताई, ती ओळ आता आचलच्या बाजूले आली.”

४

सकाळच्या एसटीनं मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. ऑटोवाल्यानं एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आणून सोडलं. एकेकाळी इथे कापसाच्या गाठी रचत. आता मागच्या एका लांबट खोलीत केंद्र होतं, आणि समोर एक मोठा कडुनिंब.

कुंदन दारात उभा होता. माझ्या चपलांच्या आवाजावरून त्यानं ओळखलं असावं, की ही कोणी रोजची नाही.

“दीक्षाताई ना? या. उंबरठा उंच आहे, पाय उचलून टाका.”

उंबरठा ओलांडला आणि मला पुढचं काही दिसेना. बाहेरच्या उन्हामुळे असेल म्हणून थांबले. डोळे सरावले तरी फार फरक पडला नाही. उष्णतेसाठी खिडक्यांच्या फळ्या गच्च लावलेल्या होत्या. छताला ट्यूबच्या पट्ट्या होत्या, ट्यूब नव्हत्या. कुठल्याही संगणकाचा पडदा चालू नव्हता. तसं पाहिलं तर कोणाला त्याची गरजही नव्हती. त्या खोलीत उजेडाशिवाय काही अडत असेल तर ते फक्त माझं.

कूलर घरघरत होता. कळफलकांची टकटक भिंतीपासून दारापर्यंत चालू होती, मध्येच कोणाच्या हेडफोनमधून मशीनची पुटपुट. मी मोबाइलचा टॉर्च लावला. एकेक चेहरा उजेडात आला आणि गेला. कोणी डोळे मिटले नाहीत, कोणी वळून पाहिलं नाही. आचल वेणीचा शेपटा पुढे घेऊन बसली होती. तिच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. टेबलापासून जरा मागे ओढलेली.

“इथे कोण बसतं?” मी विचारलं.

“तो नवीन आहे ना, तो,” आचल म्हणाली.

कुंदन पटकन म्हणाला, “कोण नवीन? मी कोणाले घेतलं नाई.”

“सर, कोपऱ्यात बसे तो. रोज एकेक जागा पुढं येते. पहिले माह्याजवळ बसला होता,” कोपऱ्याकडून नितेश नावाचा मुलगा म्हणाला. “मी विचारलं, कोण्या गावचा रे तू? बोलतच नाई. मले वाटलं, मुका असंल बिचारा.”

“टाइप चांगलं करते पण,” आचल म्हणाली. “काल मी त्याले डब्यातली पोळी दिली. घेतली त्यानं. हात लय थंडे हायेत त्याचे.”

मी टॉर्च पुन्हा त्या खुर्चीवर धरला. खुर्ची रिकामी. सीटवर धूळ नव्हती, इतकंच.

“आचल, इथे कोणी नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मला जरा मोठा वाटला.

कुंदन माझ्या जवळ येऊन हळू बोलला, “तुमाले दिसत नाई म्हणून नाई, असं कसं म्हणावं, ताई? आमाले तर तुमीबी दिसत नाई.”

५

मी त्याच खुर्चीवर बसले. मला ते करायलाच हवं होतं. लाकूड गार होतं. तार खरंच काढलेली होती, तिचं टोक टेबलाखाली लोंबत होतं. मी ती जोडली, पडदा चालू केला आणि ‘हू’चं पान उघडलं. पडद्याचा निळसर उजेड माझ्या हातांपुरता पडला. पान बरोबर होतं. शेवटचं वाक्य माझंच होतं.

मग मी हेडफोन कानाला लावला. आवाज वाचत गेला. ‘बाहेर पडलेली व्यक्ती दाखवली जात नाही.’ मी श्वास धरून बसले. आणि या वेळी आवाज थांबला नाही. त्याच सपाट सुरात, त्याच घाईत तो म्हणाला:

‘पान दुरुस्त करणारी आत आली, की दार लागतं.’

मी हेडफोन काढला आणि मागे पाहिलं. दारातून आत येणारा उन्हाचा पट्टा अरुंद झाला होता. वारा नव्हता. कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. दार सावकाश फिरत होतं, म्हातारं माणूस काळजीनं लावेल तसं.

मी उठले. धावले नाही. वाटेतलं लाकडी स्टूल उचललं आणि दाराच्या फटीत आडवं सारलं. दार स्टुलाला येऊन टेकलं आणि तसंच दाबून राहिलं. त्या लाकडावर हात ठेवून उभी असताना मला पक्कं कळलं, की तारा, उंदीर, मागे राहिलेली नोंद, यांतलं काही आता कामाचं नाही. आणि हेही कळलं, की ही मुलं माझ्या पानांवर विश्वास ठेवून इथे बसली आहेत.

मी परत जागेवर गेले. पानाच्या शेवटी टाइप केलं: ‘सगळे बाहेर जाईपर्यंत दार उघडं राहतं.’ साठवलं. दाराची करकर थांबली.

“कुंदन,” मी म्हणाले, “मुलांना बाहेर घ्या. आत्ता. सामान राहू द्या.”

त्यानं कारण विचारलं नाही. टाळी वाजवली. “चला रे, उठा. हातात हात धरा. नितेश, तू पुढं. ताईचा हात धर. मी मागून येतो.”

६

साखळी अशी झाली: पुढे मी, माझा हात नितेशच्या हातात, त्याचा मागच्याच्या, तसं करत आचलपर्यंत, आणि आचलचा हात कुंदनच्या हातात. मी स्टूल पायानं थोडं सरकवून फट मोठी केली आणि एकेकाला उंबरठ्यावरून काढत गेले. “पाय उचला. उंच आहे. हं, या.” मुलं कुजबुजत होती, एकजण हसलाही. त्यांना वाटलं असेल, कुठेतरी वायर जळाली.

आचल उन्हात आली. तिच्यामागे कुंदनचा उजवा हात आला, मग खांदा. आणि तो थांबला.

“चला कुंदन.”

“येतो. पण मागचे येऊ द्या.”

“मागे कोणी नाही. तुम्ही शेवटचे.”

“मंग माहा हात कोणं धरला?”

त्याचा डावा हात मागे, खोलीच्या अंधाराकडे ताणलेला होता. उन्हाचा पट्टा त्याच्या मनगटापर्यंत पोचत होता. त्याच्या हातापलीकडे मला काहीच दिसलं नाही. पण मनगटाची कातडी दबलेली होती. अंगठ्याच्या जागी एक खळगा, पलीकडून चार बोटांचे खळगे, आणि बोटं लांब होती. त्यांनी मनगटाला पूर्ण वेढा घालून पुन्हा अंगठा गाठला होता.

मी कुंदनचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला. “सोड त्याला,” मी त्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाले. “यांची परीक्षा आहे. यांना शिकवणारा दुसरा कोणी नाही. सोड.”

खोलीत कूलर घरघरत होता. आत कुठेतरी, मघा मी बसले होते त्या जागेवरून, एक कळ वाजली. मी जोर लावला. कुंदनच्या मनगटावरचे खळगे एकेक करून भरत आले, करंगळीकडून अंगठ्याकडे, आणि तो माझ्या अंगावर कोसळला. आम्ही दोघंही पायरीवर बसलो.

मग दार लागलं.

७

त्या खोलीत नंतर कोणी गेलं नाही. संस्थेला आम्ही वायरिंग धोक्याचं आहे असं कळवलं. वर्ग दुसऱ्या जागी, एका शाळेच्या व्हरांड्यात हलवला, मोठं मशीन नवं घेतलं. ‘हू’चं पान मी पुन्हा लिहिलं. कुंदननं ते ऐकलं, मुलांनी ऐकलं. माझ्या वाक्यांपलीकडे त्यात काही नव्हतं. नागपूरचे लोक आले, परीक्षा झाली, आणि आचल पहिल्या झटक्यात पास झाली. नितेशला दुसऱ्या खेपेला घेतलं.

पावसाळा सरल्यावर कुंदन कामासाठी अमरावतीला आला होता. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. नव्या पानांबद्दल बोलणं झालं, माझ्या दोन शब्दांवर त्यानं नेहमीसारखं नाक मुरडलं. कप खाली ठेवता ठेवता तो म्हणाला,

“ताई, त्या दिवशीचं एक सांगायचं राहून गेलं. तुमाले वाटते, तुमी ओढून काढलं मले.”

“मग?”

“त्यानं सोडलं. पहिले थोपटला माहा हात. दोन वेळा. लहान पोराले शाळेत सोडताना थोपटतात ना, तसा. मंग सोडला.” तो आपलं मनगट चोळत होता. “मी तर रोज विचार करून राहिलो, काहून थोपटला असंल.”

समोर गाड्या लागत होत्या, कंडक्टर परतवाडा, परतवाडा म्हणून ओरडत होता.

“ते जाऊ द्या,” कुंदन म्हणाला. “एवढं सांगा. दार तुमीच लावलं ना?”

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले होते. त्याचा उजवा हात अजून माझ्या दोन्ही हातांत होता. फटीतलं स्टूल कोणीतरी आतून उचललं, आवाज होऊ नये म्हणून जपून बाजूला ठेवलं, आणि मग दार ओढून घेतलं, हे मी पाहिलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “मीच लावलं.”

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. त्यानं आणखी एक चहा सांगितला. कुंदनला मी आजवर हजारो वाक्यं पाठवली आहेत, आणि चूक सापडली की त्याच दिवशी सुधारली आहे. हे वाक्य खोटं आहे, आणि ते मी दुरुस्त करणार नाही.